माशांना गांजा देऊन बघणारा डॉक्टर, ज्याची तार नाशिकच्या रस्त्याने मुंबईत आली

नाशिककर ज्याला सवयीने आग्रा रोड म्हणतात तो रस्ता सगळ्यांना माहिती आहे. मुंबई नाका, द्वारका, आडगाव, मग पिंपळगाव, चांदवड, मालेगाव आणि पुढे धुळे. १८५४ मध्ये याच मुंबई-आग्रा रस्त्याच्या वाटेने एक लोखंडी तार आली. आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूर करत ती मुंबईला पोहोचली आणि कलकत्त्याचा निरोप मुंबईत काही तासांत मिळायला लागला. तोवर त्याच निरोपाला टपालाने कित्येक दिवस लागायचे. कसारा घाटातून सलग रेल्वे धावायला तर १८६५ उजाडलं. म्हणजे या भागात आगगाडीच्या आधी तार आली.

ही तार टाकणारा माणूस इंजिनिअर असेल असं कुणालाही वाटेल. पण तो होता डॉक्टर. आणि तार टाकण्याच्या पंधरा वर्षं आधी हा डॉक्टर कलकत्त्यात बसून कुत्री, बकऱ्या, कावळे, गिधाडं आणि मासे यांना गांजा देऊन काय होतं ते बघत होता.

त्याचं नाव विल्यम ब्रुक ओशॉनेसी.

जन्म १८०९ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. एडिनबर्गमधून १८२९ मध्ये तो डॉक्टर झाला आणि नशीब काढायला लंडनला गेला. पण तिथे दवाखाना थाटायचा परवाना काही मिळेना. मग त्याने दुसरा रस्ता धरला. रसायनशास्त्र चांगलं होतं, त्यामुळे प्रयोगशाळा टाकली आणि विषं ओळखायचं काम सुरू केलं. १८३१ मध्ये त्याने लंडनच्या बाजारातल्या रंगीत मिठाया तपासल्या, तेव्हा त्यांच्या रंगांत शिशासारखे विषारी पदार्थ निघाले. सणासुदीला भेसळीच्या मिठाईच्या बातम्या आपल्याकडे आजही येतात, त्याच जातीचं हे प्रकरण.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॉलरा शिरला. तेव्हा कॉलऱ्याच्या रोग्याचं रक्त काढून टाकणं हा मान्यताप्राप्त उपचार होता. ओशॉनेसी साथीच्या गावात गेला, रोग्यांचं रक्त तपासलं आणि त्याच्या लक्षात आलं की रक्तातलं पाणी आणि क्षार प्रचंड कमी झालेत. मग त्याने सुचवलं की हे पाणी आणि क्षार शिरेतून परत द्यावेत. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरने ते प्रत्यक्षात करून दाखवलं. आज दवाखान्यात जे सलाईन लावतात त्याची सुरुवात इथे होते. ओशॉनेसी तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता.

एवढं करूनही लंडनमध्ये त्याचं बस्तान बसलं नाही. १८३३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीत असिस्टंट सर्जन म्हणून भरती झाला आणि कलकत्त्याला आला. १८३५ मध्ये तिथे मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला.

आता मुद्द्याची गोष्ट.

भारतात येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाला भांग आणि गांजा दिसत होता. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थात साधूंची चिलीम, महाशिवरात्रीला भांगेची थंडाई, हे आजही आपल्याला नवीन नाही. तेव्हा तर ते बाजारात उघड मिळायचं. एकाच झाडाची ही तीन रूपं. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि झाडाच्या राळेचा चरस. शिवाय तूप-साखर घालून केलेली माजूम. आयुर्वेदात विजया या नावाने तिचे उपयोग दिलेले होते, हकीमांकडेही नुस्खे होते. युरोपच्या डॉक्टरांना मात्र यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं.

ओशॉनेसीने आधी पंडित, वैद्य आणि हकीम यांना विचारून जुन्या संस्कृत, फारसी आणि अरबी ग्रंथांत काय लिहिलंय ते गोळा केलं. हे महत्त्वाचं आहे, कारण गांजाचं औषध त्याने शोधलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते खरं नाही. औषध इथलंच होतं. त्याने केलं ते असं की ऐकीव माहितीवर न थांबता मोजून मात्रा दिली, वेळ लावली आणि दिसलं ते लिहून ठेवलं. रोग्याला देण्याआधी प्राण्यांना दिलं. १८३० च्या दशकात असं क्रमाने जाणारे डॉक्टर फार नव्हते.

पहिली पाळी कुत्र्याची. मध्यम आकाराच्या एका कुत्र्याला नेपाळी चरस दहा ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण ६५० मिलिग्रॅम, दारूत विरघळवून दिला. अर्ध्या तासात कुत्रा पेंगायला लागला, मध्येच दचकून उठायचा, खूश असल्यासारखी शेपटी हलवायचा, खायला दिलं की अधाशासारखा तुटून पडायचा आणि हाक मारली की झोकांड्या खात यायचा. सहा तासांत गडी ठणठणीत. दुसऱ्या लहान कुत्र्याने माजूम आवडीने खाल्ली आणि वीस मिनिटांत पार झिंगला. तिसऱ्या अगदी लहान कुत्र्याला दुप्पट मात्रा दिली. तासाभरात त्याच्या मागच्या पायांतला जोर गेला, पण हाक मारली तर तो उठायची धडपड करायचा. इथे ओशॉनेसीने एक नोंद केली: रक्ताभिसरण नेहमीसारखं आहे. म्हणजे प्राणी झिंगलाय, पायावर उभा राहू शकत नाही, तरी हृदयाचं काम बिघडलेलं दिसत नाही.

नंतर बकरीची तीन पिल्लं. एकावर काहीच परिणाम नाही, दुसरं सुस्तावलं, तिसऱ्याचा चेहरा बदलला आणि विषय तिथेच संपला.

असे बरेच प्राणी झाल्यावर त्याने एक नियम काढला. मांस खाणारे प्राणी आणि मासे, म्हणजे कुत्रा, मांजर, डुक्कर, गिधाड, कावळा, गरुड करकोचा आणि मासे यांना नशा लवकर आणि हमखास चढते. घोडा, हरीण, माकड, बकरी, मेंढी, गाय यांना कितीही दिलं तरी किरकोळ फरक पडतो.

हा नियम आजच्या डोळ्यांनी तपासला तर निम्मा टिकतो. माकडाला गवत खाणाऱ्यांच्या पंगतीत बसवणं चुकलं, कारण माकडांवर गांजातल्या द्रव्यांचा चांगलाच परिणाम होतो हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं. पण माशांबद्दल तो बरोबर होता. कुत्र्यांचं त्याने सविस्तर वर्णन केलं आणि मासे एका ओळीत उरकले, तरी पुढे जाऊन सगळ्यात जास्त कामाला आली ती ही ओळच. तिच्याकडे परत येऊच.

प्राण्यांना गंभीर इजा होत नाही अशी खात्री पटल्यावर तो माणसांकडे वळला. ६ नोव्हेंबर १८३८ ला दुपारी दोन वाजता संधिवाताच्या तीन रोग्यांना गांजाच्या राळेचा प्रत्येकी एक ग्रेन दिला. पहिला रोगी चार वाजता बडबडायला लागला, गाणी म्हणायला लागला, जास्तीचं जेवण मागायला लागला. सहाला झोपला. रात्री आठ वाजता पाहिलं तर बेशुद्ध. ओशॉनेसी धावत आला. श्वास एका लयीत चालू होता, नाडी आणि कातडी नेहमीसारखी, डोळ्यांवर उजेड टाकला की बाहुल्या आक्रसत होत्या. तेवढ्यात सहज हात उचलला तर तो हवेत तसाच राहिला. पाय, मान, ज्या अवस्थेत ठेवाल त्या अवस्थेत शरीर थांबत होतं. मध्यरात्रीनंतर माणूस शुद्धीवर आला.

तिसऱ्या रोग्यावर काहीच परिणाम झाला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, हा गडी रोज चिलीम ओढणारा. सवय झालेल्या शरीरावर तीच मात्रा चालत नाही, हेही त्याच्या वहीत नोंदवलं गेलं.

मग त्याने हे औषध पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या रोग्याला दिलं. तो वाचला नाही, पण त्याचे शेवटचे दिवस कमी हालाचे गेले. धनुर्वाताच्या रोग्यांना दिलं, त्यातले बरेच बरे झाले. आणि झटके येणाऱ्या चाळीस दिवसांच्या एका बाळाला थेंबाथेंबाने मात्रा वाढवत दिलं. बाळ वाचलं. आज कुठल्याही रुग्णालयाची नैतिकता समिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही. बाळाच्या आईवडिलांकडे दुसरा इलाज उरला नव्हता हे खरं, पण वॉर्डातल्या गरीब रोग्यांना आपल्याला काय देताहेत हे कितपत कळलं असेल, हा प्रश्न उरतोच. ओशॉनेसीचं कौतुक करताना हा भाग गाळला जातो.

१८३९ मध्ये त्याने हे सगळं कलकत्त्याच्या वैद्यकीय मंडळासमोर वाचलं आणि छापलं. त्याचा निष्कर्ष असा की झटके आणि आकडी यांवर हे औषध फार उपयोगी आहे. गंमत म्हणजे २०१८ मध्ये अमेरिकेने गांजाच्या झाडातल्या कॅनाबिडिऑल या द्रव्याच्या एपिडायोलेक्स नावाच्या औषधाला मान्यता दिली, तीही लहान मुलांमधल्या दोन अवघड प्रकारच्या आकडीसाठीच.

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला तो रजेवर इंग्लंडला गेला तेव्हा सोबत गांजा घेऊन गेला. लंडनमधल्या पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्यापासून अर्क बनवला आणि तो युरोपभर विकला गेला. १८४३ मध्ये ओशॉनेसीला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. त्याआधी १८४२ मध्ये इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा मोठा ग्रंथ बाहेर आला होता. व्हिक्टोरिया राणी मासिक पाळीच्या दुखण्यासाठी गांजा घ्यायची, अशी पोस्ट अधूनमधून फिरते. त्याला पुरावा नाही.

पण या अर्काची एक अडचण होती. एका बाटलीत जोर जास्त, दुसरीत कमी. झाड कुठलं, कधी कापलं, किती दिवस पडून राहिलं यावर सगळं अवलंबून. नशा नेमकी कुठल्या द्रव्याने चढते हे कुणालाच माहिती नव्हतं. डॉक्टर वैतागले, शिवाय पुढे इंजेक्शनने देता येणारी औषधं आली. हळूहळू गांजा मागे पडला आणि १९३२ नंतर ब्रिटिश औषधसूचीतूनही गेला.

ओशॉनेसीचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं होतं. खरं तर १८३९ मध्येच. गांजाचा लेख वाचला त्याच वर्षी त्याने कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनजवळ तारा टाकून विजेवर निरोप पाठवायचे प्रयोग केले होते, हुगळी नदीच्या पाण्यातूनसुद्धा. कंपनी सरकारने तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. दहा वर्षांनी डलहौसी गव्हर्नर जनरल असताना त्याला बोलावणं आलं. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. नोव्हेंबर १८५३ मध्ये आग्र्याकडे काम निघालं आणि मार्च १८५४ मध्ये आग्रा आणि कलकत्ता यांच्यात पहिला निरोप गेला. मग तीच तार मुंबईपर्यंत आणि मद्रासपर्यंत. त्याने विलायतेची नक्कल केली नाही. बारीक तार वादळात टिकणार नाही, वर माकडं लोंबकळणार, म्हणून जाड लोखंडी सळीसारखी तार वापरली. जिथे जमेल तिथे बांबूचे खांब. फेब्रुवारी १८५५ मध्ये तार सामान्य लोकांसाठी खुली झाली, १८५६ मध्ये तो सर झाला. १८५७ च्या उठावात याच तारेवरून इंग्रजांना बातम्या मिळाल्या आणि बंडवाल्यांनी ठिकठिकाणी ती तोडली. १८६० मध्ये त्याने भारत सोडला. पुढच्या वर्षी त्याने आपलं नाव बदलून विल्यम ओशॉनेसी ब्रुक असं करून घेतलं आणि जवळपास तीन दशकं तो प्रसिद्धीपासून लांब राहिला. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडमधल्या साउथसी इथे वारला.

त्यानंतर चारच वर्षांनी गांजा पुन्हा चर्चेत आला. गांजाने माणसं वेडी होतात असा आरोप ब्रिटिश संसदेत झाला आणि १८९३ मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई इलाख्यात तेव्हा अहमदनगरकडे गांजाची लागवड व्हायची, त्यामुळे आपला भागही चौकशीत आला. आयोगाने देशभरात १,१९३ साक्षीदार तपासले. कलकत्त्यात माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर देऊन नंतर त्याचा मेंदू तपासला, त्यात गांजाने झालेली इजा सापडली नाही. थोड्या प्रमाणात घेणाऱ्यांचं फारसं नुकसान होत नाही, अती घेणाऱ्यांचं होतं, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. आज भारतात १९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस बंद आहे. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही, म्हणून काही राज्यांत ती सरकारी परवान्याच्या दुकानात मिळते.

राहिली माशांची ओळ.

ओशॉनेसीकडे नाडी बघायला बोटं होती. कुत्र्याची, माणसाची नाडी बोटांना लागते. माशाची कशी बघणार? म्हणून मासा झिंगला एवढंच त्याला दिसलं, त्याच्या हृदयाचं काय झालं ते दिसणं शक्य नव्हतं.

ते दाखवलं दुसऱ्या एका माशाने, आणि तो मासाही बंगालच्याच पाण्यातला. कंपनीचाच आणखी एक डॉक्टर, फ्रान्सिस हॅमिल्टन, याने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर ग्रंथ छापला होता. त्यात अंगावर निळे पट्टे असलेल्या बोटाएवढ्या माशाची नोंद होती. हाच आजचा झेब्राफिश, जो घरातल्या काचेच्या टाकीतही दिसतो. याची पिल्लं सुरुवातीला काचेसारखी पारदर्शक असतात. अंडं फळल्यावर साधारण २४ तासांत हृदय धडधडायला लागतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते चिरफाड न करता दिसतं. ठोके मोजायचे तर नुसते बघून मोजायचे. मिनिटाला साधारण १२० ते १८०, म्हणजे पोटातल्या मानवी बाळाच्या ठोक्यांच्या आसपास. उंदराचे पाचशे-सहाशे असतात, त्यामुळे हृदयाच्या अभ्यासाला हा मासा सोयीचा पडतो. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेतही झेब्राफिशच्या हृदयावर काम चालतं.

दरम्यान रसायनाचं कोडंही सुटलं होतं. नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, इस्राएलमध्ये १९६४ मध्ये वेगळं काढून ओळखलं गेलं. १९९० मध्ये मेंदूतल्या पेशींवर ते जिथे जाऊन बसतं ती जागा, म्हणजे रिसेप्टर, सापडली. १९९२ मध्ये आपलं शरीर स्वतःच तसं एक द्रव्य बनवतं हे कळलं आणि त्याला संस्कृत आनंद शब्दावरून आनंदामाइड नाव दिलं गेलं. माशांतही हा रिसेप्टर असतो. ओशॉनेसीचे मासे का झिंगले त्याचं उत्तर हे. कीटकांत मात्र तो सापडत नाही. त्यामुळे कॉलेजात चहा-कॉफीचा हृदयावरचा परिणाम दाखवायला डाफ्निया ही पारदर्शक पाणपिसू वापरतात, ती कीटकांच्या लांबच्या नात्यातली असल्याने गांजाच्या बाबतीत माणसाबद्दल फार काही सांगू शकत नाही. मासा जास्त सांगतो.

काय सांगतो? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग छापला. झेब्राफिशची अंडी फळल्यानंतर काही तासांनी, शरीराचे मूळ थर तयार होत असताना, फक्त पाच तास त्यांना टीएचसी किंवा कॅनाबिडिऑल मिसळलेल्या पाण्यात ठेवलं आणि मग साध्या पाण्यात परत सोडलं. टीएचसी लिटरला २ ते १० मिलिग्रॅम, कॅनाबिडिऑल १ ते ४. पुढे जी पिल्लं वाढली त्यांच्या हृदयाचे ठोके कमी भरले, अंगाची लांबी कमी भरली आणि हालचाल घडवणाऱ्या मज्जातंतूंतही फरक दिसला. नशा न आणणारं म्हणून ज्याला निरुपद्रवी समजलं जातं त्या कॅनाबिडिऑलनेही हे झालं.

इथे वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो, कारण मोठ्या माणसाने गांजा ओढला तर ठोके वाढतात. काही मिनिटांतच छाती धडधडायला लागते, आणि आधीच हृदयरोग असलेल्याला ते महागात पडू शकतं. मग माशात उलटं कसं? मोठ्या माणसात टीएचसी हृदयावर ताबा ठेवणाऱ्या मज्जासंस्थेला छेडतं, वेग वाढवणारी बाजू जोरात येते आणि लगाम ढिला पडतो. दोन दिवसांच्या माशाच्या पिल्लात हा लगाम अजून बसलेलाच नसतो. तिथे द्रव्याचा परिणाम घडत असलेल्या शरीरावरच होतो. त्यामुळे या प्रयोगावरून चिलीम ओढणाऱ्या साधूच्या छातीबद्दल काही सांगता येत नाही. तो प्रयोग गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाबद्दलची शंका उभी करतो, तीही त्या काळातली जेव्हा आपण गरोदर आहोत हेच तिला माहिती नसतं. पाण्यात मिसळलेली मात्रा आणि आईच्या रक्तातून बाळापर्यंत जाणारी मात्रा यांची सरळ तुलना होत नाही, म्हणून अशा प्रयोगांत वेगवेगळ्या मात्रा, वेगवेगळे तास आणि दोन्ही द्रव्यं एकत्र देऊन पुन्हा पुन्हा ठोके मोजले जातात.

ओशॉनेसीने कलकत्त्यात चाळीस दिवसांच्या बाळाला हेच द्रव्य थेंबाथेंबाने दिलं होतं, आणि त्याच्या हातात आधार होता तो काही कुत्र्यांचा, तीन बकऱ्यांचा आणि एका ओळीतल्या माशांचा.